बोटीवरची गाला रात्र आणि घरातलं कपाट

न्यू जर्सीहून मुलाचा फोन येतो, ‘क्रूझचं बुकिंग झालंय’, आणि पहिले दोन दिवस आनंदात जातात. तिसऱ्या दिवशी घरातलं कोणीतरी कंपनीकडून आलेली माहिती नीट वाचतं. सात रात्रींपैकी दोन रात्री ‘फॉर्मल’. बाबांकडचा एकुलता एक सूट मुलाच्या लग्नातला, तो आता कमरेला बसत नाही आणि टाय तर त्या दिवशीही दुसऱ्याच कोणी बांधून दिला होता. आईचा प्रश्न वेगळा असतो, तिथे साडी चालते का? मग बाबांना टक्सीडो भाड्याने आणि आईला एखादा लांब गाऊन, असा ठराव पास होतो. हा ठराव बहुतेक वेळा चुकीचा असतो.

साडी चालते. बोटीवाले मोठ्या मनाने चालवून घेतात असंही नाही, ते नियमातच लिहिलेलं आहे. पोशाखाच्या बाबतीत आजच्या मोठ्या कंपन्यांत सगळ्यात कडक समजली जाते ती क्युनार्ड. २००४ पासून साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क अशी अटलांटिक ओलांडणारी ‘क्वीन मेरी २’ यांचीच. यांच्या गाला रात्रींच्या, म्हणजे नटूनथटून जेवायच्या फॉर्मल रात्रींच्या, नियमांत डिनर जॅकेट (टक्सीडो म्हणतात तेच) आणि गडद सूट यांच्या जोडीला औपचारिक राष्ट्रीय पोशाखाचा आणि सैनिकी गणवेशाचा स्पष्ट उल्लेख असतो. म्हणजे काठपदराची साडी आणि बंदगळा ही तिथे पळवाट नाही, डिनर जॅकेटच्याच पंक्तीला बसलेली माणसं आहेत ती. फक्त त्या वाक्यातला ‘औपचारिक’ हा शब्द विसरायचा नाही. सुती कुर्ता-पायजमा हा राष्ट्रीय पोशाख असेल, पण तो औपचारिक नाही, आणि दारातला मेत्र द’होटेल, म्हणजे जेवणघराचा मुख्य, हा फरक बरोबर ओळखतो.

सगळ्याच बोटी एवढ्या कडक नसतात. सेलिब्रिटी या कंपनीने फॉर्मल रात्रींना २०१५ च्या अखेरीस निरोप देऊन ‘इव्हनिंग शीक’ हा सैल नियम आणला. नॉर्वेजियनवर कोटाची सक्ती कधीच मागे पडली. कार्निव्हलवर ‘एलिगंट’ रात्र असते, तिथे चांगला शर्ट आणि फुल पँट पुरते. वायकिंगच्या समुद्री बोटींवर आणि ओशेनियावर फॉर्मल रात्र हा प्रकारच नाही. प्रिन्सेस आणि रॉयल कॅरिबियन या मधल्या. आठवड्याच्या सफरीत दोन रात्री नटायचं, पण एखाद्याने कोट घातला नाही म्हणून कोणी भुवई उंचावत नाही. अलास्काच्या सफरीत तर दिवसभर रेनकोटात वावरलेली माणसं रात्री स्वेटरवरच जेवायला येतात. मुंबईहून गोव्याकडे, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या बोटीवर कोटाची काळजी करू नये. तेव्हा खरेदीला निघण्याआधी आपल्या कंपनीचं, आपल्याच सफरीचं पान वाचा. शेजाऱ्यांनी पाच वर्षांपूर्वी कुठल्या बोटीवर काय घातलं होतं, त्याचा उपयोग नाही.

या रात्री कोणत्या दिवशी येतात, त्यामागेही हिशोब असतो. ज्या दिवशी बोट बंदराला लागते त्या दिवशी लोक संध्याकाळी पाचला घामेजून, पाय दुखत परततात. त्यांना सहाला नटायला सांगणं म्हणजे शिक्षा. म्हणून गाला रात्र बहुधा पूर्ण समुद्रात असलेल्या दिवशी ठेवतात. पहिली आणि शेवटची रात्र मात्र साधी. हा रिवाज जुन्या प्रवासी बोटींपासूनचा, कारण पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसतात आणि शेवटच्या रात्री त्या भरून झालेल्या असतात. आजही तेच होतं. बंदरावर हमालाच्या ताब्यात दिलेल्या बॅगा केबिनच्या दारात कधीकधी रात्रीच्या जेवणानंतर पोचतात. त्यामुळे पहिल्या रात्रीचा बरा शर्ट किंवा ड्रेस खांद्यावरच्या पिशवीतच हवा.

क्वीन मेरी २ वर न्यूयॉर्ककडून इंग्लंडकडे येताना आणखी एक गंमत होते. घड्याळं जवळजवळ रोज एक तास पुढे करतात, आणि ती बहुधा दुपारी बाराला. बाराचा थेट एक वाजतो. म्हणजे गाला रात्रीची दुपार एका तासाने आखूड, आणि सहाच्या पंगतीला बसणाऱ्या बायकांचा केस धुण्याचा वेळ समुद्रात बुडतो. शक्य असेल तर साडेआठची पंगत घ्यावी.

आता पुरुषांचं. डिनर जॅकेट हा दिसायला एक पोशाख, पण मोजायला बसलात तर दहा वस्तू निघतात. रेशमी लेपलचा (छातीवर दुमडलेल्या पट्टीचा) कोट, बाजूला रेशमी पट्टी असलेली पँट, समोर चुण्या असलेला पांढरा शर्ट, त्याचे बटणांच्या जागी लावायचे चार सुटे स्टड, दोन कफलिंक, गॅलिस (या पँटवर चामडी पट्टा घालत नाहीत), कमरेचा रेशमी पट्टा, काळा बो (फुलपाखरासारखा टाय), काळे मोजे, काळे चकचकीत बूट. यातली एक वस्तू घरी राहिली की बाकीच्या नऊ वस्तू खुर्चीवर बसून तुमच्याकडे बघत राहतात. सगळ्यात जास्त राहतात ते स्टड. ते छोट्या डबीत, डबी बुटात आणि बूट केबिन बॅगेत, अशी साखळी घरीच लावून टाकावी.

त्या कमरेच्या पट्ट्यापाशी जरा थांबायला हवं. इंग्रज त्याला कमरबंड म्हणतात. शब्द फारसीतला, कमरबंद. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी तो एकोणिसाव्या शतकात इथल्या माणसांच्या कमरेवरून उचलला. कोटाच्या आत जाड वेस्टकोट घालून इथल्या उकाड्यात जेवायला बसणं अशक्य, म्हणून त्यांनी कमरेभोवती रेशमी पट्टा गुंडाळला आणि तोच विलायतेला नेला. पुढे तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या बोटींवर कोटही काढून टाकायची मुभा मिळाली. नुसता शर्ट, बो आणि कमरबंद, या वेशाला आजही ‘रेड सी रिग’ म्हणतात. तेव्हा बाबांनी भाड्याचा कमरबंद बांधताना परक्याचं काही घातलंय असं वाटून घेऊ नये. त्याच्या चुण्यांची तोंडं वरच्या बाजूला असतात, खाली नाहीत. उलटा बांधला की जाणकाराच्या पहिल्या नजरेत सापडतो.

बो मात्र तयार बांधलेला आणू नये. तो कायम सरळ, दोन्ही बाजूंनी सारखा, निर्जीव दिसतो, आणि रात्री दहानंतर गाठ सोडून गळ्यात लोंबता ठेवायची मजाही त्यात नाही. बांधायचा बो लोकांना अवघड वाटतो, कारण त्यांना कोणी सांगत नाही की ही बुटाच्या नाडीचीच गाठ आहे. गळ्यात घातल्यावर एक टोक दुसऱ्यापेक्षा दीडेक इंच खाली ठेवा. लांब टोक आखूड टोकावरून आडवं न्या, गळ्याशी खालून वर काढा आणि खांद्यावर टाका. आता आखूड टोकाची रुंद भागात घडी घालून ते गळ्यासमोर आडवं धरा. हा बो-टायचा पुढचा भाग झाला. खांद्यावरचं लांब टोक त्याच्या बरोबर मध्यावरून खाली सोडा. मग त्या लांब टोकाची तशीच घडी करा आणि ती मागे तयार झालेल्या फटीतून पलीकडे ढकला. पूर्ण नाही, घडीचं नाक बाहेर येईल इतकीच. शेवटी दोन्ही बाजूंच्या घड्या चिमटीत धरून ओढा. इथेच नव्वद टक्के माणसं चुकतात, ती सुटी टोकं ओढतात. नाडीचं टोक ओढलं की बूट सुटतो, तसा बोही सुटतो. आरशासमोर शिकण्याआधी मांडीवर शिका. गुडघ्याच्या वर मांडीचा घेर साधारण गळ्याएवढा असतो आणि हात दिसत राहतात. चार दिवस रोज पाच वेळा, एवढ्यात हाताला सवय होते.

रंगाबद्दल एकच. दिव्यांच्या उजेडात अगदी गडद निळा कोट काळ्यापेक्षा काळा दिसतो आणि काळा कधीकधी हिरवट मारतो. शिवून घेणार असाल तर निळ्याचा विचार करा. कॅरिबियनसारख्या उष्ण पाण्यात हस्तिदंती रंगाचं जॅकेट घालायचीही जुनी रीत आहे. पँट मात्र काळीच.

पण माझा कल विचाराल तर मराठी माणसाने बोटीसाठी टक्सीडोच्या भानगडीत पडूच नये. बंदगळा शिवावा. टाय नाही, बो नाही, कफलिंक नाही, स्टड नाही, कमरबंद नाही. कोट, पँट, आत एक शर्ट आणि बूट, संपलं. आपले राजदूत परदेशी समारंभांना घालतात तोच हा कोट, त्यामुळे तो औपचारिक आहे की नाही हा वाद होत नाही. शिवाय बोट संपल्यावर भाचीच्या लग्नात, सत्काराला, कुठेही चालतो. भाड्याचा टक्सीडो एका आठवड्यात परत जातो.

बंदगळ्याचं सगळं यश गळ्यात असतं. शिंप्याकडे माप देताना आत जो शर्ट घालणार तोच घालून जा. गळा बंद केल्यावर आत दोन बोटं सहज फिरली पाहिजेत. एकच बोट मावत असेल तर उभं असताना ठीक वाटेल, पण सूपसाठी मान खाली घातली की कॉलर हनुवटीखाली रुतेल आणि दोन तासांच्या जेवणात माणूस लाल होईल. तीन बोटं मावली तर मागे मानेशी फट पडते आणि कोट उसना वाटतो. आत साध्या कॉलरचा शर्ट नको, ती दुमडून गाठोडं होतं. उभ्या पट्टीचा पांढरा शर्ट घ्या आणि कोटाच्या कडेवर त्याची पाव इंच पांढरी रेघ दिसू द्या. लांबी बसल्यावर बघायची. ट्रायलला खुर्चीत बसा, हात पुढे करून सुरी-काटा धरल्यासारखं करा. काखेत ओढलं तर तिथेच सांगा. गळ्याच्या आतला आकडा हा या कोटाचा सगळ्यात दुबळा अवयव. शिंपी तो दोन टाक्यांत लावतो आणि तो नेमका गाला रात्री सहाला पाच कमी असताना हातात येतो. घरी दुहेरी दोऱ्याने पक्का करून घ्या. कापड टेरीवूल, काळं किंवा गडद निळं, चमक नसलेलं. मखमल डिसेंबरच्या अटलांटिकवर शोभते, मायामीहून निघणाऱ्या बोटीवर घाम काढते. दोन ट्रायल धरून शिंप्याला सहा आठवडे द्या. लग्नसराई असेल तर आठ.

जरीकाम केलेली शेरवानी नको. ती घालून जिन्यावर उभं राहिलात तर बोटीवरचा फोटोवाला आधी नवरी कुठे आहे ते विचारेल. धोतर घालायची हौस असेल तर शिवलेलं घाला, वर रेशमी कुर्ता आणि बंद गळ्याची बंडी. पायांत कोल्हापुरी मात्र नको. पुरुषांच्या उघड्या चपला बऱ्याच बोटींच्या जेवणघरात संध्याकाळी वर्ज्य असतात आणि कोल्हापुरी ही बीचवरची चप्पल नव्हे, हे दारात उभं राहून पटवून देणं कठीण. शिवाय ओल्या डेकवर तिचं चामडं पाणी पितं, फुगतं, आणि मग वाळताना वाकतं. बंद मोजडी किंवा काळे बूट बरे. नव्या बुटांचे चामडी तळ गुळगुळीत असतात. निघण्याआधी ते घालून आठवडाभर फरशीवर नव्हे, रस्त्यावर चाला.

साडीकडे वळू. इथे प्रश्न चालेल का हा नसतो, किती हा असतो. डोळ्यांसमोर लग्न आणू नका, साखरपुडा आणा. करवलीचा थाट केला तर त्या दालनात तुम्ही एकट्याच लग्नाला आल्यासारख्या दिसाल. हळदीकुंकवाला जावं तशा गेलात तर थोडं कमी पडेल. साखरपुड्याला मुलीची काकू जशी दिसते, तेवढं बरोबर. एक चांगली रेशमी साडी, गळ्यात एकच ठसठशीत दागिना, कानांत कुड्या. नथीचा मोह होतो, फोटोत ती दिसतेही छान, पण पाच पदार्थांचं विलायती जेवण आणि दाबाची नथ यांचं जमत नाही. पहिल्याच सूपच्या चमच्याला ते कळतं. फोटो काढून झाला की नथ डबीत. सोन्याचं खरं काही नेणार असाल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून दाखला घेऊन ठेवा, म्हणजे परतताना ते तुमचंच असल्याचं सिद्ध करत बसावं लागत नाही. केबिनमध्ये छोटी तिजोरी असते, तिच्यात डबी मावते.

क्युनार्डच्या गाला रात्रींना बऱ्याचदा विषय दिलेला असतो, आणि तिथे आपलं कपाट फार उपयोगी पडतं. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ म्हटलं की बाकीच्या बायका काळा गाऊन शोधत फिरतात. आपल्याकडे संक्रांतीची चंद्रकळा असते. काळी साडी अशुभ म्हणून कपाटातच नसलेली घरं भारतात पुष्कळ, पण मराठी घरात निदान एक तरी काळी साडी वर्षातून एका दिवसासाठी जपून ठेवलेली असते. तिला हा दुसरा दिवस मिळतो. वर मोत्यांची तन्मणी किंवा साधा सर, म्हणजे काळ्यावर पांढरं आपोआप झालं. ‘रेड अँड गोल्ड’ला तर काही शोधायलाच नको, लाल शालू किंवा कुंकवाच्या रंगाची पैठणी. ‘मास्करेड’ला मुखवटा लागतो, चष्मा असणाऱ्यांनी काठीवर धरायचा घ्यावा, रबर बँडचा मुखवटा चष्म्यावर बसत नाही आणि चष्म्याखाली टिकत नाही.

आता मुख्य अडचण. बोटीवरची केबिन लहान असते. पलंग आणि भिंत यांच्यामधून एक माणूस आडवा होऊन जातो. सहा वार साडी झटकून, पदर पसरून नेसायला तिथे जागाच नाही. आणि इस्त्री केबिनमध्ये नेता येत नाही. आगीच्या भीतीने बहुतेक कंपन्या इस्त्री आणि वाफेची इस्त्री दोन्ही काढून घेतात, बॅग बोटीवर चढतानाच. काही बोटींवर प्रवाशांसाठी धुलाईघर असतं आणि तिथे इस्त्री मिळते, पण गाला रात्रीच्या दुपारी तिथे रांग लागते. पैसे देऊन कपडे प्रेस करून मिळतात, तेही पहिल्या दिवशीच द्यावेत. म्हणून साडीची तयारी घरूनच करून न्यावी.

घरात, मोठ्या पलंगावर, साडी पायांत ते बूट किंवा चपला घालून एकदा नेसा. चपला आधी, साडी नंतर. अनवाणी नेसून मग टाचा चढवल्या की काठ घोट्यापर्यंत वर येतो. पुढच्या निऱ्या सहा-सात, प्रत्येकी वीतभर. वर कमरेशी एक आणि खाली काठाशी एक अशा चापाने त्या धरून ठेवा. पदराच्या निऱ्या चार-पाच बोटं रुंद घालून खांद्यावर येणाऱ्या जागी पिन मारा. मग साडी अंगावरून उतरवा, निऱ्यांवर आणि पदरावर सुती कापड ठेवून हलकी इस्त्री करा, आणि साडीची पुस्तकासारखी चपटी घडी घालून जुन्या मलमलीच्या कापडात गुंडाळा. वर पदर, खाली निऱ्या. केबिनमध्ये उघडायची, कमरेचा एक वेढा घ्यायचा, निऱ्या खोचायच्या, पदर खांद्यावर टाकायचा, की साडी नेसून झाली. वीस मिनिटांचं काम पाचवर येतं, आणि नवऱ्याला तेवढा वेळ बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं करावं लागत नाही. हे शिफॉन, क्रेप, जॉर्जेट, मऊ रेशीम यांना फार छान जमतं. भरगच्च जरीच्या पैठणीला जमत नाही, कारण जर घडीवर मोडते. पैठणी न्यायचीच असेल तर घडी घालू नका, जाड सुती चादरीवर पसरून चादरीसकट गुंडाळी करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, डांबराच्या गोळ्या नाहीत, आणि अंगावर असताना अत्तराचा फवारा तर नाहीच. जर काळी पडायला एवढं पुरतं. डेकवरच्या खाऱ्या दमट हवेत फोटोला पाच मिनिटं ठीक, तासभर नको.

न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेवर साडी टांगायची युक्ती सगळे सांगतात. जॉर्जेटवर, सुटाच्या कोटावर ती चालते. शुद्ध रेशमावर वाफेचे थेंब पडले की डाग राहतात, म्हणून तिथे ती वापरू नका. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात. चार लोहचुंबकी हूक नेले तर साडी, कोट, बो, सगळं भिंतीला आदल्या रात्रीच टांगून ठेवता येतं आणि अर्ध्या सुरकुत्या आपोआप उतरतात.

परकर सॅटिनचा नको. बोट हलत असते, खूप नाही, पण सतत, आणि सॅटिनवरून साडी हळूहळू सरकते. सुती परकर, नाडी पक्की, गाठ बाजूला. ब्लाउजला आत दोन्ही बाजूंना माया ठेवायला सांगा. गाला रात्र पाचव्या दिवशी असेल तर तोवर बुफेचे बारा-पंधरा हल्ले झालेले असतात आणि शेवटचा हूक लागत नाही. हाच न्याय पुरुषांच्या पँटलाही. टाच बारीक नको, रुंद आणि दीड-दोन इंचाची. डेकवर लाकडी फळ्यांच्या फटीत बारीक टाच अडकते, आणि बोट कलली की जिन्यावर पायाखालचा काठ दगा देतो. जिना उतरताना एक हात कठड्यावर हवाच, दुसऱ्या हाताने निऱ्या उचलायच्या. मग केबिनचं कार्ड, फोन आणि चष्मा धरायला तिसरा हात कुठून आणणार? क्लच घेऊन आलेल्या बायका इथे अडकतात. कमरेला खोचलेला बटवा हे याचं उत्तर.

जेवणघर गार असतं, बाहेर कॅरिबियन असलं तरी. हातभर रुंदीची रेशमी शाल जवळ असू द्या. पदर मोकळा सोडला असेल तर बसताना तो उचलून मांडीवर घ्या, नाहीतर ताटं घेऊन मागून जाणाऱ्या वाढप्याचा पाय त्यावर पडतो. त्याची चूक नसते. गाऊनला पदर नसतो, त्याला त्याची सवय नाही.

आणि नाच. क्वीन मेरी २ वर जेवणानंतर क्वीन्स रूममध्ये ऑर्केस्ट्रा वाजतो आणि वॉल्ट्झ सुरू होतो. एकट्या आलेल्या बायकांशी नाचायला कंपनीने नेमलेले सभ्य गृहस्थही असतात. साडीत वॉल्ट्झ नाचता येतो, पण एक गोष्ट आधी बघून घ्या. या नाचात पुरुषाचा उजवा हात बाईच्या डाव्या खांद्याच्या फऱ्यावर येतो, म्हणजे बरोबर जिथून आपला पदर मागे पडतो तिथे. मोकळा पदर त्याच्या हाताखाली दबतो, पहिल्या गिरकीला ताणला जातो आणि खांद्यावरची पिन रेशमाला फाडते. म्हणून नाचायचं असेल तर पदर पाठीमागून उजव्या कमरेशी आणून पुढे खोचून घ्या, शेतावर किंवा स्वयंपाकघरात खोचतात तसाच. निऱ्या जरा आखूड, घोट्याच्या हाडापर्यंत, कारण जोडीदार पुढे पाऊल टाकतो तेव्हा तुमचा पाय मागे जातो आणि लांब काठ त्याच्या बुटाखाली येतो. नऊवारीत हे सगळे प्रश्न सुटतात. काष्ट्याला कुणाचा पाय लागत नाही. पण ती बसल्या जागी नेसवून देणारी मावशी अटलांटिकवर मिळत नाही, तेव्हा शिवलेली नऊवारी असेल तरच.

नटायचं नाहीच असं ठरवलेल्यांचीही सोय असते. बुफे, पब, कसिनो अशा काही जागा त्या रात्री साध्या कपड्यांना खुल्या राहतात; मुख्य जेवणघर आणि नाचाचं दालन मात्र नाही. तब्येत बरी नसेल तर केबिनमध्ये जेवण मागवता येतं. यात कमीपणा काही नाही. जीन्स घालून मुख्य जेवणघराच्या दारात हुज्जत घालणं मात्र वाईट दिसतं.

विमानाने बोटीपर्यंत जायचं असेल तर गाला रात्रीचे कपडे विमानाच्या केबिन बॅगेत. मोठी बॅग लंडनला पोचलीच नाही तर बोट थांबत नाही, आणि अटलांटिक ओलांडताना पुढचं बंदर सात दिवसांवर असतं. कोटाची घडी घालताना एक खांदा उलटा करून दुसरा त्याच्यात बसवा, अस्तर बाहेर, आणि मध्ये ड्रायक्लीनरकडची पातळ पिशवी घाला; कापड कापडावर घासण्याऐवजी सरकतं आणि सुरकुती धरत नाही. पैठणीला प्लॅस्टिक नको, कोटाला हवं, हा घोळ बऱ्याच घरांत उलटा होतो.

शेवटच्या रात्री बॅगा कुलूप लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि रात्रीतून त्या खाली नेतात. सकाळी घालायचे कपडे आणि बूट आत ठेवायला विसरलेली माणसं प्रत्येक सफरीत निघतात. त्यांना केबिनमधल्या स्लिपर्समध्ये इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहताना बघायला मिळतं. गाला रात्रीची साडी उतरवल्यावर लगेच घडी करू नका. रात्रभर हूकवर वाऱ्याला राहू द्या, काखेतला आणि कमरेचा घाम सुकला की मग मलमलीत गुंडाळा. त्याआधी पिना मोजून काढा. आठ लावल्या असतील तर आठ हातात आल्या पाहिजेत. एक जरी रेशमात राहिली तर घरी पोचून बॅग उघडेपर्यंत खाऱ्या हवेने तिला गंज चढलेला असतो, आणि तो डाग धुऊन जात नाही.